१२३४५६७८९० हा कोणाचाच नंबर नाही

मित्रांनो, गोष्ट रावेरच्या बाजूची आहे. केळीचे घड कापून बांधावर आले की वजन होतं आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. एका व्यापाऱ्याला ही पावती फोनवरून, हातात मावणाऱ्या ब्लूटूथ प्रिंटरवर काढायची होती. अ‍ॅप मी फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या साधनात केलं. पडदे, हिशेब, बटणं सगळं डार्ट या त्याच्या भाषेत. पण प्रिंटरवाल्यांनी दिलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोड, जावा भाषेतली, तीही फक्त अँड्रॉइडसाठी. डार्टमधून तिला थेट हाक मारण्याची सोय नव्हती.

इथे मेथडचॅनल, म्हणजे दोन भाषांमधला निरोपाचा रस्ता, लागतो. डार्टच्या बाजूने एका नावाचा चॅनल उघडायचा, कोटलिन या जावाशी सहज बोलणाऱ्या अँड्रॉइडच्या भाषेच्या बाजूने त्याच नावावर कान लावून बसायचं. नाव म्हणजे साधी स्ट्रिंग, अक्षरांची ओळ. त्यात एक अक्षर चुकलं तरी कोड तपासून अ‍ॅप बनवणारा कंपायलर तोंडातून शब्द काढत नाही. अ‍ॅप चालवल्यावरच ‘पलीकडे कोणी ऐकत नाही’ असं सांगणारं मिसिंगप्लगिनएक्सेप्शन समोर येतं. एवढं जमलं की दहा-पंधरा ओळींत काम होतं, आणि माझंही झालं. ऑफिसात पावत्या धडाधड निघत होत्या.

बांधावर एकही निघेना. बटण दाबलं की काहीच नाही. एरर नाही, अ‍ॅप बंदही पडत नाही. मे महिना, ऊन पंचेचाळीसच्या घरात. सगळ्यांचं एकमत झालं की प्रिंटर तापला. तो लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवला, शेतकऱ्याच्या मोबाईल नंबराच्या जागी मी माझा नेहमीचा चाचणीचा नंबर टाकून पावती काढली, आणि निघाली! म्हणजे उन्हाचाच दोष, असं मीही धरून चाललो. मग शेतकऱ्याचा नंबर टाकला. पुन्हा शांतता.

लॅपटॉप जोडून लॉगकॅट, म्हणजे अँड्रॉइडची नोंदवही, उघडला, तेव्हा क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक, दिसलं. शेतकऱ्याचा मोबाईल नंबर मी आकडा म्हणून पाठवत होतो. चॅनलवरून काहीही जाताना त्याचे बाइट होतात आणि पलीकडे पुन्हा वस्तू बनते. डार्टमध्ये पूर्णांकाचा प्रकार एकच, इंट. पलीकडे मात्र तो आकडा ३२ बिटांत मावला तर जावाचा इंटिजर होतो, नाही मावला तर लाँग. मर्यादा २१४७४८३६४७. माझा चाचणीचा नंबर १२३४५६७८९०, तो आत मावतो. आपल्याकडचे खरे मोबाईल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात. त्यातला एकही मावत नाही. कोटलिनमध्ये मी इंट, म्हणजे तोच ३२ बिटांचा इंटिजर, मागत होतो, येत होता लाँग.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात ना, तसं आहे हे. एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे दोघांनी आधी ठरवलेलं असावं लागतं. आम्ही ठरवलंच नव्हतं. बरं, फ्लटरने बिचाऱ्याने तो अपवाद, म्हणजे एक्सेप्शन, पकडून प्लॅटफॉर्मएक्सेप्शन म्हणून डार्टकडे परतही पाठवला होता. तिथे चूक झेलून काय करायचं ते लिहायची जागा, माझा कॅच ब्लॉक, रिकामा! तो रिकामा ब्लॉक आठवला की आजही कान गरम होतात.

दुरुस्ती एका मिनिटाची: नंबर स्ट्रिंग म्हणून पाठवला. मोबाईल नंबरांची कोणी बेरीज करत नाही, तो आकडा नव्हेच. पुढे मी पिजन हे साधन वापरायला लागलो. दोन्ही बाजूंचा करार डार्टमध्ये एकदा लिहायचा, डार्ट, कोटलिन आणि आयफोनसाठीच्या स्विफ्ट भाषेचा कोड ते स्वतः तयार करतं. प्रकार जुळला नाही तर बिल्डच होत नाही, बांधापर्यंत जायची वेळ येत नाही.

वजनकाटा जोडताना वेगळी गरज पडली. काटा सतत आकडे सोडत असतो, त्याला दर वेळी विचारत बसणं बरोबर नाही. तिथे इव्हेंटचॅनल: डार्टमध्ये स्ट्रीम, म्हणजे आकड्यांचा प्रवाह, ऐकायची, वजनाचा पडदा बंद केला की ऐकणं थांबवायचं आणि पलीकडे ऑनकॅन्सलमध्ये कनेक्शन सोडायचं. मी सुरुवातीला सोडत नव्हतो, त्यामुळे काटा दुसऱ्या फोनला जोडलाच जाईना. आणि ब्लूटूथचं कनेक्ट हे अडवून धरणारं काम आहे. चॅनलचा हँडलर, म्हणजे निरोप घेणारा कोड, एरवी मुख्य थ्रेडवर, पडदा चालवणाऱ्या धाग्यावरच, चालतो. तिथेच कनेक्ट केलं तर पडदा गोठतो आणि पाच सेकंदांत अँड्रॉइड ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ म्हणतं. ते काम दुसऱ्या थ्रेडवर न्या. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणं’ ही परवानगीही चालू अ‍ॅपमध्ये मागावी लागते, ते विसरू नका.

शेवटी व्यापारी म्हणाले, “भाऊ, हेच माझ्या आयफोनवर टाकून द्या.” प्रिंटर आणि काटा दोन्ही जुन्या, क्लासिक ब्लूटूथचे. अ‍ॅपलच्या एमएफआय या उपकरणांसाठीच्या प्रमाणपत्राशिवाय अशा उपकरणाशी आयफोनवरचं अ‍ॅप बोलू शकत नाही. कमी वीज खाणाऱ्या लो एनर्जी ब्लूटूथवालं असतं तर कोअर ब्लूटूथ या आयफोनमधल्या सोयीने जमलं असतं. मी कितीही चॅनल उघडले तरी पलीकडे दारच नाही, हे त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी मुलाचा जुना अँड्रॉइड फोन आणला आणि काट्याला सुतळीने बांधून ठेवला. अजून तिथेच आहे.