खाडीचं पाणी, शेताचा हिशेब

खाडी काठोकाठ भरलीय. बांधाच्या आतलं पीक मात्र करपलंय. आधी पानांची टोकं तांबडी पडली, मग कडा वाळल्या.

खाडीकाठी दुष्काळ येतो तो असा, भरल्या पाण्यात. वरून नदीचा रेटा कमी झाला की भरतीला आडकाठी उरत नाही. खारं पाणी जड, ते गोड्या पाण्याखालून तळ धरून आत सरकतं. वरची ओंजळ गोडी लागते आणि पंप तळातून खार ओढत असतो! म्हणून नमुना तळाचा घ्यायचा, तोही भरती पुरती चढल्यावर. २०१६ च्या दुष्काळात व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या मुखाकडे हा खार काही ठिकाणी ९० किलोमीटरपर्यंत आत गेला होता.

आता पूर. नुसती नदीची जुनी पूररेषा बघून भागत नाही, तिथीही बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, समुद्राकडून वारा, आणि वादळात हवेचा दाब एक मिलिबार उतरला की साधारण एक सेंटीमीटर फुगणारा समुद्र. एकेकटं आलं तर बांध निभावतो. नदीच्या पुराबरोबर सगळं एकाच रात्री आलं, तर नाही.

पाणी ओसरतं, मीठ राहतं. त्यातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, जमीन वर पापुद्रा धरते आणि पाऊस आत मुरत नाही. १९५३ च्या महापुरानंतर नेदरलँड्सच्या शेतकऱ्यांनी अशा जमिनीत जिप्सम घातलं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण सुटलेलं मीठ धुऊन न्यायला गोडं पाणी लागतंच. पुरामागून कोरडं वर्ष आलं तर ते आणायचं कुठून? तरीही पुराचा नकाशा एका फायलीत आणि दुष्काळाचा दुसऱ्या. मला हे कधीच पटलेलं नाही.

बांधाची उंची सगळे मोजतात. खेकड्यांची बिळं कोणी मोजत नाही.

ही उघाडी बघा, बांधातलं झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीच दार लावते. बाहेरची पातळी उतरलीच नाही, तर पावसाचं पाणी आतच कोंडतं. जरा जवळून बघा, खाली, डाव्या कोपऱ्यात. बोटभर जाडीची काटकी अडकलीय. दार लागल्यासारखं दिसतंय, पण कडेनं पाण्याची बारीक धार आत येतेय. बहुतेक ठिकाणी भरती दिवसातून दोनदा येते.