सुरसागरचं पाणी आणि 1888 चा विंकलर

(दृश्य: पहाट. सुरसागरचा काठ. दांडिया बाजाराकडून येणारे रिक्षांचे आवाज.)

बडोद्यात सकाळी सुरसागरभोवती चालायला येणारी माणसं बरीच. आज त्यांच्यात माझी भाचीही आहे, पण ती चालायला आलेली नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. या तळ्याच्या पाण्यात प्राणवायू किती विरघळलेला असतो ते तिला मोजायचंय, आणि त्यावर आठ पानांचा शोधनिबंध लिहायचाय. आयुष्यातला पहिला.

(दृश्य: बाटली, अगदी जवळून.)

घासून बसवलेल्या बुचाची, 300 मिलिलिटरची काचेची बाटली. भरताना आत एकही बुडबुडा राहता कामा नये. बाहेरची हवा मिसळली की आकडा चुकलाच म्हणून समजा. काठावरच ती आधी मँगनीज सल्फेट घालते, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटसुलट केली की आत तपकिरी साका धरतो, ढगासारखा तरंगतो आणि सावकाश खाली बसतो. प्राणवायू नसलेल्या पाण्यात हाच साका पांढरा राहतो.

पुढचं काम प्रयोगशाळेत. सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळतो आणि पाणी आयोडीनने पिवळं होतं. ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या नळीतून, थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. ते किती लागलं, त्यावरून प्राणवायूचा आकडा निघतो. पिवळा रंग फिका पडला की स्टार्च घालायचं, पाणी निळं होतं. मग एका थेंबाला तो निळा रंग जातो. त्या थेंबापाशी भाची थांबते आणि ब्युरेटचा आकडा लगेच वहीत लिहिते. शेजारी तारीख, वेळ, पाण्याचं तापमान. वहीच्या बाबतीत ही मुलगी कमालीची काटेकोर आहे.

गडबड झाली ती निबंधात.

मसुदा वाचायला माझ्याकडे आला. कार्यपद्धतीचं पहिलंच वाक्य होतं, ‘विरघळलेला प्राणवायू विंकलरच्या पद्धतीने मोजला (विंकलर, 1888).’

मी विचारलं, “हा लेख वाचलास का गं?”

“नाही मावशी. सगळेच तो देतात, म्हणून मीही दिला.”

सगळे देतात हे खरं आहे. लायोश विंकलर हे हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा लेख 1888 साली जर्मन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, जर्मन भाषेत. भाचीला जर्मनचा गंध नाही, पण अडचण त्याहून मोठी आहे. सकाळच्या बाटलीत अझाइड होतं, ते आठवा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात नायट्राइट असू शकतं, ते जास्तीचं आयोडीन मोकळं करतं आणि प्राणवायूचा आकडा फुगवतं. ते टाळायला अझाइड घालतात. ही सुधारणा विसाव्या शतकातली. विंकलरच्या मूळ लेखात ती नाही. म्हणजे उद्या कुणी हिचा निबंध हातात घेऊन, दिलेल्या पत्त्यावर जाऊन, तिथे लिहिलंय तसाच प्रयोग केला, तर तो हिने केलेला प्रयोग नसेल.

संदर्भ हा पत्ता असतो. मी इथे गेले होते, हे इथे लिहिलंय, तुम्हीही जाऊन बघा, एवढं त्यात वाचकाला कबूल केलेलं असतं. भाची प्रत्यक्षात वापरत होती ती विभागातली ‘स्टँडर्ड मेथड्स’ या पाणी तपासण्याच्या पद्धतींच्या ग्रंथाची प्रत. मग तिचंच नाव द्यायचं, आवृत्ती कितवी आणि पद्धत कुठली त्यासकट, कारण आवृत्तीगणिक मजकूर बदलतो. विंकलर यांचा मान प्रस्तावनेत राखता येतो, पण त्यांच्याबद्दल आपण कुठे वाचलं हे तिथेही सांगायचं.

मला हे इतकं लागतं, त्याला कारण आहे. माझ्या एमएस्सीच्या प्रबंधात मी अर्धी संदर्भसूची दुसऱ्या एका प्रबंधातून उचलली होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका नोंदीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “हा लेख कुठे मिळाला तुम्हाला?” त्या प्रबंधात पृष्ठ क्रमांक चुकला होता, तो तसाच्या तसा माझ्याकडे आला होता. मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशीची मान अजून खाली आहे असं वाटतं.

(दृश्य: मसुद्याचं दुसरं पान. एका आकड्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.)

आता हा आकडा बघा. ‘माशांना जगण्यासाठी लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो.’ संदर्भ म्हणून लिहिलंय ‘इंटरनेट’. आम्ही दोघी मुळाशी गेलो, तर तो आकडा निघाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणातला. तिथे 5 मिलिग्रॅम आहे, पण ते उघड्यावर आंघोळीच्या पाण्यासाठी. मासे आणि वन्यजीवांच्या वर्गाला किमान 4 आहे. आकडा खरा होता, फक्त कुणीतरी तो एका ओळीतून उचलून दुसरीत ठेवला आणि पुढच्यांनी तो तसाच वाहून नेला.

एका मिलिग्रॅमने काय बिघडतं, असं भाचीला वाटलं. म्हणून तिला हे सांगितलं. 1980 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका परिच्छेदाचं पत्र छापून आलं. अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना नीट नोंद झालेलं व्यसन जडलं, असं त्यात होतं. हे सगळे रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात काहीच नव्हतं. पण पुढे ते पत्र 608 ठिकाणी उद्धृत झालं. 2017 साली त्याच नियतकालिकात याचा हिशोब मांडला गेला. त्यातल्या 439 ठिकाणी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि 491 ठिकाणी रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच गाळलेली होती. दरम्यान त्या देशात या गोळ्यांनी केवढा हाहाकार केला, ते जगाने पाहिलं. त्या एका पत्राने सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. पण पाच वाक्यांचं पत्र मुळातून वाचायला कितीसा वेळ लागला असता?

(दृश्य: ग्रंथालयातलं लांब टेबल, उघडा जाड ग्रंथ.)

आणि आपण बडोद्याची माणसं. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला लावलं, ते हे गाव. इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. 1951 पासून काम चाललं, सातवं कांड 1975 साली बाहेर पडलं. त्यातलं कुठलंही पान उघडा. वर श्लोक आणि खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे, त्याची नोंद. संपादकांनी एक शब्द निवडला, पण नाकारलेले शब्दही वाचकापुढे ठेवले, पोथीच्या खुणेसकट. मी भाचीला ते पान दाखवलं. विज्ञानाच्या निबंधाशी याचा काय संबंध, असं तिने विचारलं नाही.

यादी तपासायला दोन संध्याकाळी गेल्या. 22 नोंदी होत्या. एकेक डीओआय, म्हणजे लेखाचा इंटरनेटवरचा कायमचा क्रमांक, टाकून लेख उघडायचा, सारांशावर न थांबता हवा तो परिच्छेद वाचायचा. दोन नोंदी चॅटबॉटने सुचवलेल्या होत्या. लेखकांची नावं भारदस्त, नियतकालिक खरं, खंड आणि पृष्ठंसुद्धा होती, फक्त तसा लेख कुठेच नव्हता. शेवटी 13 उरल्या. संकेतस्थळांपुढे पाहिल्याची तारीख आली. मराठीत उतरवलेल्या दोन परिच्छेदांनाही संदर्भ जोडला, कारण शब्द आपले झाले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो.

एक गैरसमज मुलांमध्ये फार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून तेवढं उचलायला मोकळीक आहे असं ती धरून चालतात. शिवाय साम्य मोजणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द दाखवतं. 5 चा आकडा चुकीच्या ओळीत गेलाय, हे त्याला कळत नाही.

(दृश्य: दांडिया बाजारातलं घर. आजोबा झोपाळ्यावर.)

एक नोंद उरली होती. सुरसागरचं पाणी पूर्वी उन्हाळ्यात हिरवं व्हायचं, हे भाचीला आजोबांनी सांगितलेलं. ते कुठे छापलेलं नाही. अशा वेळी मजकुरातच ‘वैयक्तिक संवाद’ असं लिहून सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख द्यायची. सूचीत ते घालत नाहीत, कारण वाचकाला तिथे जाऊन ते पाहता येत नाही. आणि ज्यांचं नाव द्यायचं, त्यांना आधी विचारायचं.

“आजोबा, तुमचं नाव घालू ना?”

आजोबांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. ‘दरवर्षी उन्हाळ्यात पाणी हिरवे होत असे.’ दोनदा वाचलं.

“दरवर्षी असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, बहुतेक वर्षी. तसं कर, मग घाल नाव.”

भाचीने पेन उघडलं.