झाडूची तार, बाटलीची मान

नमस्कार श्रोतेहो, आज ब्लूजविषयी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याविषयी.

घराच्या लाकडी भिंतीत दोन खिळे ठोकायचे. झाडूला गुंडाळलेली तार सोडवून त्यांच्यात ताणायची, खाली बाटली सरकवून घट्ट करायची. एका हाताने तार छेडायची, दुसऱ्याने तिच्यावरून काच घसरवायची. झालं वाद्य! अमेरिकेतल्या मिसिसिपीत, कापसाच्या मुलखातली कृष्णवर्णीय पोरं असंच शिकत. नाव ‘डिडली बो’. घरातल्या झाडूचं काय व्हायचं, ते विचारू नका.

१९०३च्या सुमारास तिथल्याच टटवायलर स्टेशनवर डब्ल्यू. सी. हँडी हे बँडवाले गाडीची वाट बघत पेंगत होते. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता. एकच ओळ तीनदा गायला, आणि दरवेळी गिटार त्याला उत्तर देत होती.

सुरी कशाला? गिटारला पडदे असतात, सूर तिथे बांधला जातो. ब्लूजचा गंधार मात्र धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. पेटीवर साथ करणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. सुरीने किंवा बोटात घातलेल्या बाटलीच्या मानेने मधली जागा सापडते, मींड निघते.

पुढे रचना ठरत गेली: चार-चार मात्रांचे बारा खंड. ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी, उत्तराची. प्रत्येक ओळीला चार खंड, पण ती निम्म्या वाटेवरच संपते, उरलेली जागा गिटारची. मला तर वाटतं, दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणजे तिसरी सुचायला मिळालेली सवड. १९२६पासून ध्वनिमुद्रण करणारे ब्लूजगायक ब्लाइंड लेमन जेफरसन मात्र बारा मोजत बसत नसत. एकटा माणूस, तक्रार कोण करणार? बँडबरोबर गाणाऱ्यांना ती चैन नव्हती. शिवाय तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची.

डिसेंबर १९२७मध्ये डॅलसला ब्लाइंड विली जॉन्सन यांनी अशीच एक बाजू भरली. ते गायचे भक्तिगीतं, ब्लूज नव्हे, पण हात त्याच मातीतला. या गाण्यात शब्दच नाहीत. नुसतं गुणगुणणं आणि घसरती तार. १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हे आहे, आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही.

आता मी गप्प बसतो. जॉन्सनना ऐका.