शॉकअपचे क्लिक नेमके कशासाठी फिरवायचे

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ॲडजस्टेबल शॉकअपबद्दल, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर किंवा बुडाशी छोटा नॉब असतो आणि फिरवला की टिक टिक क्लिक लागतात ते. ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी रेसट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठी, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला सेट) घातलेल्या कितीतरी गाड्या मी बघतो, ज्यांचे नॉब बसवताना एकदा कडक केले ते आजतागायत तिथेच आहेत. मला हे मनापासून खटकतं. एवढी चांगली वस्तू, आणि निम्मी वापरलीच नाही.

पहिली गोष्ट पक्की करू. गाडी वळणात किती झुकणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून झुकणं अडवणारा दांडा) ठरवतात. तिथपर्यंत किती वेळात पोचणार हे शॉकअप ठरवतो. ऑफिसच्या दाराला वर तो हायड्रॉलिक क्लोजर असतो ना, दार शेवटी बंदच होणारे, स्क्रू फिरवून आपण धाडकन की हळू एवढंच ठरवतो, अगदी तसं. शॉकअपचा आतबाहेर सरकणारा रॉड हलत असेल तरच शॉकअप अडवतो, रॉड थांबला की आतल्या गॅसचा थोडा दाब सोडला तर काहीच नाही.

आता ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट घ्या, 5.125 किलोमीटरचा, 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली तोच. आपल्याकडची मंडळीही गाडी ट्रेलरवर टाकून तिथे जातात. तिथला दहा-अकरा नंबरच्या वळणांचा तो लांबलचक उजवा कर्व्ह, त्यात मधोमध गाडीचं नाक बाहेर जातंय, अंडरस्टीअर होतंय, किती क्लिक फिरवू, असं लोक विचारतात. एकही नाही! तिथे गाडी झुकून केव्हाच स्थिर झालेली असते, शॉकअपला कामच उरलेलं नसतं, तिथे टायरचं प्रेशर बघा, कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल बघा, अँटी-रोल बार बघा. उलट किलोमीटरभराच्या स्ट्रेटनंतर चार नंबरच्या वळणाला जोरात ब्रेक मारता तेव्हा पुढचे शॉकअप दबतायत म्हणजे कॉम्प्रेशन, मागचे उघडतायत म्हणजे रिबाउंड, आणि पुढे आठ-नऊला गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पटकन फेकायची असते, ही खरी शॉकअपची जागा. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच, त्रास वळणात नेमका कधी होतो? शिरताना, मधे, की बाहेर पडताना? ज्याला हे सांगता येत नाही त्याने नॉबला हात लावू नये, अजून दोन लॅप मारून यावं.

शिरतानाचा नियम सोपा आहे. बॉडी झुकत असते त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात ज्या टोकाचा शॉकअप जास्त कडक, त्या टोकाच्या बाहेरच्या टायरवर लोड आधी जाऊन पडतो आणि ते टोक आधी ग्रिप सोडतं. वळणात शिरताना नाक ऐकत नसेल तर पुढचं थोडं सैल करा किंवा मागचं थोडं कडक, आणि शेपूट निसटत असेल तर उलटं.

थोडं गणित करू, घाबरू नका. एका चाकावर गाडीचं 250 किलो वजन आणि चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला 40 न्यूटन धरला तर गाडी सेकंदाला साधारण दोनदा वरखाली होईल. हे हेलकावे अजिबात न होता गाडी जागेवर यावी यासाठी जेवढं डॅम्पिंग लागतं त्याला क्रिटिकल म्हणतात, ते इथे मीटर पर सेकंदला 6300 न्यूटनच्या आसपास येतं. ट्रॅकवर बॉडी आवरायला त्याच्या 65 टक्के धरा. म्हणजे रॉड सेकंदाला 50 मिलिमीटरने हलताना चाकापाशी जोर किती, तर 200 न्यूटन, साधारण 20-21 किलो. टायरवर उभा लोड तीनशे किलोच्या आसपास, त्यातले हे वीस किलो. एवढ्याशा जोराने गाडीचा स्वभाव बदलतो, आणि मला ह्या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

शॉकअपच्या बाबतीत लो-स्पीड, हाय-स्पीड असे शब्द कानावर येतील, तो रॉडचा स्पीड बरं का, गाडीचा नाही. ब्रेक, स्टीअरिंग, थ्रॉटल हे सगळं लो-स्पीड, कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर, चाक चढलं की हाय-स्पीड, मग गाडी चाळीसने जात असो की दोनशेने.

कडक म्हणजे फास्ट, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. कडक गाडी हातात चपळ वाटते हे खरं, पण टायरला हवा असतो एकसारखा लोड. रेनॉने 2005-06 मध्ये फॉर्म्युला वन गाडीच्या नाकात स्प्रिंगवर एक वजन टांगलं होतं, मास डॅम्पर, नुसतं टायरवरच्या लोडची थरथर कमी करायला, आणि त्याचा फायदा एवढा की 2006 च्या सीझनमध्येच त्यावर बंदी आली. ते लोक ज्यासाठी एवढा खटाटोप करत होते ते आपण नॉब पूर्ण आवळून घालवतो. रिबाउंड अति झालं की ओळीने खाचखळगे आले तर चाक खाली यायच्या आत पुढचा दणका बसतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या टोकाच्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. रॉडवर एक केबल टाय घट्ट लावून ठेवा, ती किती वर सरकली ते बघून लगेच कळतं.

पद्धत अशी. आधी टायर गरम असतानाचं प्रेशर जुळवा, ते रोज वेगळं असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग नॉब अलगद, जोर न लावता पूर्ण बंद करा आणि तिथून उलटे क्लिक मोजा, वहीत लिहा. कॉम्प्रेशन सैल बाजूने सुरू करा, गाडी खडबडीत वाटायला लागेपर्यंत दोन-दोन क्लिक वाढवा आणि मग थोडं मागे या. त्यानंतर रिबाउंड, दिशा बदलताना गाडी झोका खायची थांबली की बास. एका वेळी एकच बदल, आणि मधे एकदा जुन्या सेटिंगवर जाऊन टाइम परत तपासा, कारण ट्रॅक तापतो, टायर झिजतात, तुमचा हातही बसत जातो. पाऊस आला तर सगळंच सैल करा, ओल्यात ग्रिप कमी म्हणून लोड कमी सरकतो, आणि टायरला तो हळुवार मिळालेला बरा.

मधे चहाला एकाने विचारलं, सेकंडहँड सेट घेऊ का. घ्या, पण डायनोवर, म्हणजे शॉकअप हलवून त्याचा जोर मोजणाऱ्या मशीनवर, चढवून डाव्या-उजव्याचा ग्राफ मागा. सील गळत असेल किंवा ऑइल म्हातारं झालं असेल तर दोन्हीकडे आठ क्लिक दिले तरी दोन्हीकडचा जोर सारखा नसतो, गाडी डावीकडे एक वागते उजवीकडे दुसरं, आणि माणूस महिनोन्महिने अलाइनमेंट करत बसतो.