पिपं लोटणारं गाव

नमस्कार श्रोतेहो. मित्रमंडळींबरोबर आयर्लंडच्या सहलीला निघालात की कार्यक्रमात एखादी जुनी व्हिस्कीची भट्टी असतेच. तिथे काय बघायचं, काय विचारायचं, त्याबद्दल आज बोलू. आणि किलबेगन नावाच्या एका गावाबद्दल.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. गाडी कोण चालवणार, ते आदल्या रात्रीच ठरवा. पुन्हा सांगतो, आदल्या रात्रीच. आयर्लंडमध्ये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात अल्कोहोलची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. नवख्या आणि व्यावसायिक चालकांसाठी तर ती फक्त २० आहे. तीन पेले चाखून झाल्यावर ‘मला काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नका. चालकाने आपला वाटा छोट्या बाटलीत भरून मागावा, बऱ्याच ठिकाणी देतात. पायात सपाट बूट घाला, कारण जिने अनेकदा लोखंडी जाळीचे असतात.

आता आत जाऊ. धान्याला मोड कसे आणायचे, हे तुम्हाला सांगायला नको. इथे ते जवाला आणतात आणि जेमतेम फुटले की वाळवून थांबवतात. मोड वाढू दिले तर रोपटं आपली साखर आपणच खाऊन टाकतं. मग भरडलेला जव साधारण ६४ अंशांच्या पाण्यात कालवतात. पाणी जास्त तापलं की पिठाची साखर करणारी विकरं मरतात आणि हाती नुसती पेज उरते. या गोड पाण्यात यीस्ट घातलं की दोन-तीन दिवसांत ते आंबतं आणि त्यात आठ-नऊ टक्के अल्कोहोल तयार होतं. आंबवण्याच्या पिंपावर वाकून वास घेऊ नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, नाकात झिणझिण्या येतात, चक्करही येते. हाताने वारा घालून वास घ्यायचा.

पुढे येतं तांब्याचं भांडं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून अल्कोहोलची वाफ आधी वर चढते. तांबं गंधकाचा उग्र वास शोषून घेतं, म्हणून भांडं तांब्याचंच. सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढतात, मधली ठेवतात. हे दोनदा करतात की तीनदा, ते मार्गदर्शकाला जरूर विचारा, चवीतला बराच फरक तिथून येतो. मग लाकडी पिपात किमान तीन वर्षं. तीन वर्षांच्या आत तिला व्हिस्की म्हणायला आयर्लंडचा कायदा परवानगी देत नाही. वर्षाला साधारण दोन टक्के हवेत उडून जाते. म्हणजे २०० लिटर भरले, तर दहा वर्षांनी १६३ च्या आसपास उरतात.

दोन दिवसांत सहा भट्ट्या उरकणाऱ्या सहली मला अजिबात पटत नाहीत. एकच बघा, पण पाण्याच्या पाटापासून गोदामापर्यंत बघा. आणि घाईची ही सवय देवळांच्या, किल्ल्यांच्या सहलींतही शिरली आहे, तिथेही ती मला खुपते.

भांड्यांच्या खोलीत बऱ्याच भट्ट्या फोन बंद ठेवायला सांगतात. ते मनापासून पाळा. साठ टक्क्यांची कच्ची दारू खोलीच्या नेहमीच्या तापमानालाही पेटण्याजोगी वाफ सोडते, एक ठिणगी पुरते. यावरून किलबेगन आठवतं.

डब्लिनहून गॉलवेकडे जाताना, वेस्टमीथ परगण्यात, ब्रॉस्ना नदीच्या काठी हे गाव आहे. तिथल्या भट्टीवर साल लिहिलेलं आहे १७५७. जॉन लॉक नावाच्या गृहस्थाने ती १८४३ मध्ये घेतली. कामगारांना राहायला घरं दिली. हिवाळा लागला की प्रत्येकाच्या दारात गाडीभर कोळसा आधी पडायचा आणि त्याचे पैसे पगारातून आठवड्या-आठवड्याने वळते व्हायचे. थंडीच्या तोंडावर घरात कोळसा असणं म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसालाच ठाऊक.

१८६६ मध्ये भट्टीचा बॉयलर फुटला. नवा घ्यायची लॉक कुटुंबाची ऐपत नव्हती. काम बंद पडलं, भांडी थंड झाली. तेव्हा गावाने वर्गणी काढली. गावाने वर्गणी काढून नवा बॉयलर आणला आणि मालकाला भेट दिला, सोबत एक जाहीर आभारपत्र. ते पत्र तिकडच्या वर्तमानपत्रांत छापूनही आलं.

मग आलं १८७८. नमुने तपासायच्या खोलीत आग लागली. शेकडो गॅलन ताजी दारू जळत होती, आणि शेजारच्या गोदामात पिपं भरून ठेवलेली. गावकऱ्यांनी गोदामाची दारं फोडली आणि पिपं लोटत रस्त्यावर आणली. एक नाही, दोन नाही, हजारो पिपं!

हे काम किती अवघड, ते ऐका. अडीचशे लिटरच्या भरल्या पिपाचं वजन पावणेतीनशे किलोच्या वर जातं. पण पिपाचं पोट फुगीर असतं, जमिनीला तेवढाच पट्टा टेकतो, म्हणून एक माणूसही ते लोटू शकतो, नुसतं रेटून वळवू शकतो. मात्र बूच असतं ते नेमकं त्या पोटावरच. ते सैल असेल तर प्रत्येक फेरीला दारू सांडणार, तीही आगीच्या शेजारी. अशा धुरात लोकांनी हजारो पिपं बाहेर काढली. तासाभरात आग विझली. दर्शनी भागाचं नुकसान झालं, ४०० पौंडांचं.

तीनच वर्षं आधी, जून १८७५ मध्ये, डब्लिनच्या लिबर्टीज भागात व्हिस्कीचं गोदाम पेटलं होतं. जळती दारू रस्त्यांतून वाहिली. १३ माणसं गेली, आणि त्यांतलं एकही भाजून नाही. सगळी ती वाहती दारू पिऊन गेली. म्हणून किलबेगनच्या रस्त्यावर लोटून आणलेली ती पिपं मला फार मोठी वाटतात.

अमेरिकेतली दारूबंदी, ब्रिटनशी झालेलं व्यापारयुद्ध, स्कॉचची स्पर्धा, या सगळ्यांत भट्टी खचली आणि १९५० च्या दशकात बंद पडली. इमारत पडीक झाली, गोदामांत डुकरं पाळली गेली. पण परवान्याचं शुल्क वर्षानुवर्षं भरलं गेलं, भट्टी बंद असतानाही. १९८२ मध्ये गावकऱ्यांनी संस्था काढून इमारत सावरायला घेतली. आणि २००७ मध्ये, स्थापनेपासून बरोबर अडीचशे वर्षांनी, तिथे पुन्हा दारूची धार पडली. बॉयलर गावाने दिला, पिपं गावाने वाचवली, इमारत गावाने राखली. नदीवरचं पाणचक्र आजही फिरतं, त्याच्याजवळ थोडं थांबा.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा चाखण्याबद्दल भरभर. पेल्यात नाक खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, अल्कोहोलचा झटका कमी लागतो. थेट पिपातली असेल तर चार थेंब साधं पाणी घाला. बर्फ नको, थंडीने वास दबतो. हलकी आधी, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावरची सगळ्यांत शेवटी, नाहीतर तो धूर जिभेवर बसतो आणि पुढची चवच कळत नाही. आणि निघताना चालकाची छोटी बाटली टेबलावर विसरू नका. नमस्कार.