आगटीभोवतीचे बातमीपत्र

जानेवारीचा दुसरा आठवडा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातील काळ्याभोर शिवारात नजर जाईल तिथवर पुरुषभर उंचीची ज्वारी उभी आहे आणि बांधाच्या कडेला, वीतभर खोल खड्ड्यात रचलेल्या गोवऱ्या जळून त्यांचा लालबुंद आर झाला आहे. हुरडा भाजायच्या या खड्ड्याला आगटी म्हणतात. आगटीपाशी घोंगडी अंथरली आहे, तिच्यावर आठ-दहा माणसे बसली आहेत, आणि आमचा कॅमेरा सुरू होण्याआधीच त्यांच्या गप्पा सुरू झालेल्या आहेत.

घरातले सर्वांत वडीलधारे आप्पा कणसांचा भारा पुढ्यात घेऊन एकेक कणीस अंगठ्याने दाबून पाहतात. दाण्यातून पांढरे पाणी आले तर ते कणीस अजून दुधात आहे म्हणून बाजूला पडते, दाणा नखाला दाद देत नसेल तर ते निबर झाले म्हणून मागे फेकले जाते, आणि या दोन्हींच्या मधला, चिकात भरलेला, मऊ पण अंगात धरलेला दाणा लागला की ते कणीस दांड्यासकट आरात खुपसले जाते. या अवस्थेत दाण्यातील साखरेचे पिठात रूपांतर होत असते, पण ते पुरते झालेले नसते. म्हणूनच हुरडा गोड लागतो आणि म्हणूनच एका शेताचा हुरडा मोजके दिवसच टिकतो. भाजलेले कणीस बाहेर आले की ते गरम असतानाच तळहातांत चोळायचे, फुंकर मारून भूस उडवायचे आणि हिरवे, वाफाळते दाणे समोरच्याच्या ओंजळीत ओतायचे. चोळणाऱ्याने आधी स्वतः खायचे नाही, असा येथील रिवाज आहे. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गुळाचा खडा आणि हरभऱ्याचे ढाळे आहेत. मध्येच कोणीतरी बोरे आणून टाकतो.

आप्पांचा नातू मोबाइलवर बातम्या वाचून दाखवतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मालदांडी ज्वारीला क्विंटलमागे 3749 रुपये हमीभाव जाहीर केला आहे. 2023-24 मध्ये तो 3225 रुपये होता. बातमी काही महिन्यांपूर्वीची असल्यामुळे तिचे स्वागत थट्टेने होते. "शिळी भाकर तरी कुस्करून खाता येते, शिळ्या बातमीचं काय करायचं?" असे एक मामा विचारतात. आप्पा मात्र कणसावरची नजर न काढता म्हणतात, "हमीभाव म्हंजे पत्रिकेतला मुहूर्त. लग्न लागायचं तवा लागतंय."

याच बातमीतील दुसरा आकडा आजींच्या कानाला खटकतो. संकरित ज्वारीचा हमीभाव 3699 रुपये, म्हणजे मालदांडीपेक्षा अवघ्या 50 रुपयांनी कमी. "पन्नास रुपयांत चवीचा फरक बसवला व्हय?" हा त्यांचा प्रश्न हशात बुडून जातो, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मालदांडीचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा असतो आणि तिची भाकरी मऊ होते, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. 1930 च्या दशकात येथून जवळच, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, स्थानिक मालदांडीतून निवड करून एम 35-1 हे वाण पुढे आणले गेले आणि इतकी वर्षे लोटूनही ते रब्बीच्या शेतातून हटलेले नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा अशी वाणे दिली, खास हुरड्यासाठी फुले मधुर दिले. त्यांचा पेराही होतो. तरीही आजींच्या लेखी ज्वारी म्हणजे मालदांडी, बाकी सगळे तिचे चुलत नातेवाईक. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आमच्या ज्वारीला आमचेच नाव दिले, त्यात नवल ते काय.

आजींच्या या हट्टामागे आठवणी आहेत. देशातील पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, 1964 मध्ये आली. खरिपात संकरित ज्वारीने उत्पादन दिले, परंतु काढणीच्या वेळी पावसात सापडली की तिचे दाणे काळे पडत. आणि बोलीभाषेत ‘हायब्रीड’ हे दिसायला भरदार पण आतून पोकळ अशा कशालाही लावायचे विशेषण होऊन बसले. पुढे 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळू लागली. तिची भाकरी थापताना कशी चिरफळत असे, हे आजी हाताने हवेत थापून दाखवतात, तेव्हा क्षणभर आगटीवर शांतता पसरते. मग त्याच पुढे म्हणतात, "खाल्ली की. ताटात दुसरं काय व्हतं?"

दुष्काळाचा विषय निघाला की मंगळवेढ्यात दामाजीपंतांचे नाव निघतेच. बहामनी राजवटीतील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बादशहाची रक्कम चुकती केली, अशी कथा येथे सांगितली जाते. नातवाला या कथेत वेगळाच मुद्दा सापडतो: म्हणजे धान्याची थकबाकी भरायला तेव्हाही वरूनच कोणीतरी यावे लागत होते.

ज्वारीचे हे पीक मुळात येते कसे, हे बाहेरून आलेल्या माणसाला कोडेच वाटते. परतीचा पाऊस ओसरत असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तिफणीने पेरणी होते आणि त्यानंतर पुष्कळदा आभाळातून थेंबही पडत नाही. खोल काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर ज्वारी वाढते. दवावर येते असे लोक म्हणतात, पण खरे काम जमिनीच्या पोटातली ओल करते. ही जमीन वाळली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते, म्हणून कोळपे चालवून भेगा बुजवायच्या. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण त्यातूनच आली आहे. यंदा कोणी किती कोळपण्या केल्या याची चौकशी आगटीवर सरळ होत नाही. "तुमच्या रानात पाय गेला की गुडघ्यापत्तोर जातुया म्हणं," असे कोणीतरी शेजाऱ्याला ऐकवतो आणि शेजारी समजायचे ते समजतो.

इतक्यात डोक्यावरून पाखरांचा एक प्रचंड थवा वळण घेत जातो आणि सगळ्यांच्या माना वर होतात. या भोरड्या आहेत. मध्य आशिया आणि त्याही पलीकडून त्या हिवाळ्यात दख्खनच्या ज्वारीवर येतात. एक जण हातातले कणीस टाकून गोफण उचलतो, दुसरा बांधलेल्या चमकी पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हणतो, की पट्ट्यांना भ्यायच्या त्या पहिल्या दोनच दिवशी, आता त्यांच्यावरच बसून न्याहारी करतात. पक्षीनिरीक्षक सांगतात त्याप्रमाणे भोरड्या नाकतोडेही फस्त करतात, हे मी मध्येच सांगून पाहिले. "मग नाकतोडं खाऊ द्या की, आमी कुठं नाय म्हणतोय," असे उत्तर मिळाले, आणि त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही उरले नाही.

दुपार कलते तसा विषय ताटावर येतो. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवले आणि ज्वारी-बाजरी ‘श्रीअन्न’ झाली. ज्या घरांत पोळी सणावारी आणि भाकरी रोज होत असे, तिथे आता रोज पोळी होते आणि साखर वाढलेल्या भावकीतल्या काकांना डॉक्टरांनी भाकरी लिहून दिली आहे. वहिनींचा अंदाज असा, की थोड्याच दिवसांत भाकरी मेडिकलमधून पावती घेऊन आणावी लागेल, जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या हुरडा पार्ट्यांविषयीही त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पलीकडच्या शिवारात अशी पार्टी झाली, तेव्हा एका पाहुण्याने हुरडा चमच्याने मागितला. चमचा दिला, कारण पाहुणा पैसे देऊन आला होता. मला स्वतःला या पार्ट्यांत गैर वाटत नाही. क्विंटलाचा भाव काहीही निघो, ओंजळीचा भाव शेतकऱ्याने स्वतः ठरवावा, असे किती पिकांच्या बाबतीत घडते?

या सगळ्या चेष्टेतून एक धागा मात्र सकाळपासून चालू आहे, आणि तो आमच्याही उशिरा लक्षात आला. येथील ज्वारी मुळासकट उपटून काढतात, मग पेंढ्या बांधतात, कणसे खुडतात आणि कडबा रचतात. उपटणीला माणूस मिळत नाही, ही यंदाची खरी बातमी आहे. ती मोबाइलवर नाही. नातवाने तिचा उच्चार प्रथम विनोद म्हणून केला: ज्वारी उपटायला आता भोरड्यांनाच उक्ते द्यावे. तासाभराने मामांनी, कणीस चोळता चोळता, आपले पाच एकर आधी पिवळे पडेल असे सांगितले. वहिनींनी शेजारणीला विचारले की तिच्या लेकीची परीक्षा कधी संपते. कोणी कोणाकडे मदत मागितली नाही, कोणी ती देऊ केली नाही, आणि तरीही आगटीतला आर राखेखाली गेला तेव्हा तीन घरांची सावड, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबायचे, ठरलेली होती: आधी मामांचे रान, मग आप्पांचे, शेवटी शेजाऱ्यांचे.

आप्पा राख सारखी करून वर माती ओढतात. आजी उरलेल्या कणसांतली चांगली निवडून त्यांची जुडी बांधतात. ती उद्या सकाळच्या एसटीने लेकीकडे जाईल. मुलांचे तळवे आणि ओठ काळे झाले आहेत. शेजारी घोंगडी झटकत उठतात आणि जाता जाता मामांना विचारतात, "परवा तुमच्यात का आमच्यात?"

"आमच्यात," मामा म्हणतात, "चटणी तेवढी तुमच्याकडची आणा."