धूळ पार्किंगमध्येच अडवायची

मंडळी, तलावाकाठची माती खचते म्हटलं की आपल्याकडे पहिली मागणी येते ती संरक्षक भिंतीची. भिंत दिसते, तिचं उद्घाटनही करता येतं! पण तलाव गढूळ करणारं पाणी बरेचदा भिंतीच्या मागून, वाहनतळावरून येत असतं. ताहो सरोवराची गोष्ट सांगायची ती यासाठीच.

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचं हे सरोवर ५०१ मीटर खोल. १९६८ साली सरोवरांचे अभ्यासक चार्ल्स गोल्डमन यांच्या गटाने तिथल्या पाण्याचा नितळपणा मोजायला घेतला. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं. त्या वर्षीची सरासरी ३१ मीटर होती. अलीकडे ती २० मीटरच्या आसपास घुटमळते. याला मुख्यतः जबाबदार निघाली १६ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ. ती लवकर तळाशी बसत नाही आणि उजेड विखुरते. तिचा सुमारे ७० टक्के वाटा जंगलातून येत नाही, वस्तीतून येतो. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्यावर वाळू टाकतात, ती भरडली जाते आणि बर्फ वितळला की सरोवराची वाट धरते.

मग किनाऱ्यावरच्या जुन्या सहलीच्या जागांवर काय करायचं? तर कच्चं पार्किंग पक्कं करायचं. दचकलात ना? पण उघड्या मातीवर गाड्या फिरल्या की तिचा भुगा होतो, आणि दबलेली जमीन पाणीही मुरवत नाही. म्हणून गाड्यांची जागा फरसबंद, कडेने मोठाले दगड, म्हणजे कुणी झाडाखाली गाडी घुसवत नाही. उताराच्या तळाशी जाळीचं आडवं गटार, पुढे गाळ बसायला कुंडी, आणि मग पाणी जमिनीत मुरवणारा, खडीने भरलेला शोषचर. छपराच्या पागोळ्या पडतात तिथेही खडीचाच चर. पाण्याकडे जायला एकच ठरलेली पायवाट. बाकी जमिनीवर पाइनच्या सुयांचं आच्छादन.

तिथला नियम असा, की तासाभरात पडलेला १ इंच पाऊस जागच्या जागी मुरला पाहिजे. हे माप मात्र जसंच्या तसं उचलून आणू नका. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी घोडे, मक्याच्या गाड्या, बोटिंगची रांग, सगळी वर्दळ उघड्या लाल मातीवर. आणि जुलैत ती जमीन इतकी तुडुंब असते की चरात पाणी मुरणार कुठे? तिथे जादा पाणी टप्प्याटप्प्याने, वेग मोडत उतरवावं लागेल. काठावर वाळा लावावा लागेल. चर उपयोगी पडतील ते जूनच्या पहिल्या सरींना. वर्षभराची धूळ तेव्हाच धुऊन येते, त्यामुळे तेवढंही थोडं नाही.

आणि कुंडी उपसायची कुणी? गाळ भरला की पाणी वरून वाहतं, खडीत माती शिरली की चर तुंबतो. आपल्या अंदाजपत्रकांत बांधकामाचा खर्च असतो, उपशाचा नसतो. माझ्यापुढे असा आराखडा आला की मी आधी तीच ओळ शोधतो, बोटीचा धक्का नंतर.